औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचे काय करायचे?



पेसाखच्या आधी घर साफ करताना आपण कपाटाच्या कोपऱ्यातला पावाचा चुरासुद्धा शोधून काढतो. औषधांच्या खणाकडे मात्र "ते नंतर बघू" म्हणून पाठ फिरवतो. यंदा मी ठरवून तो खण सगळ्यांत आधी उघडला. आतून २७ रिकाम्या बाटल्या निघाल्या. थायरॉइडच्या गोळ्यांच्या छोट्या पांढऱ्या, व्हिटॅमिनच्या मोठ्या, नातवंडांच्या तापाच्या सिरपच्या, खोकल्याच्या तपकिरी. एकीत तळाशी सिरप सुकून गोंद झाले होते, तर दुसरीवर माझ्या सासूबाईंचे नाव होते आणि त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली.

बाटल्या टेबलावर मांडून बसले होते, तेवढ्यात आमच्या इमारतीतल्या एक बाई आल्या. त्याही आपल्यातल्याच. म्हणाल्या, "एवढ्या चांगल्या बाटल्या टाकणार? मला द्या, गरम मसाला भरीन. झाकण किती घट्ट आहे बघा." मी दिल्या नाहीत. त्यांना थोडा राग आला असावा. का दिल्या नाहीत, आणि मग त्या २७ बाटल्यांचे काय केले, ते या वेळच्या सदरात सांगते.

आपली जुनी सवय

वस्तू वाया घालवायची नाही ही शिकवण आपल्या घरात नवी नाही. 'बाल तश्हित', म्हणजे उगाच नाश करू नका, हे आपण ऐकत आलो आहोत. शिवाय आपल्यापैकी ज्यांचे लहानपण मुंबईत किंवा कोकणात गेले, त्यांना डॉक्टरकडे जाताना घरून बाटली न्यावी लागे हे आठवत असेल. भायखळ्याला आमच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर आधी विचारायचा, "बाटली आणली का?" मग तो मोठ्या बरणीतले लाल मिक्स्चर त्या काचेच्या बाटलीत ओतायचा आणि बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायचा. पट्टीच्या कडेला कात्रीने कंगोरे कापलेले असत. एक कंगोरा म्हणजे एक डोस. औषध संपले की आई बाटली राखेने घासून, उकळत्या पाण्यातून काढून उन्हात पालथी घालायची. एकच बाटली आम्हा चार भावंडांच्या खोकल्याला पुरली.

तीच सवय घेऊन आपण इकडे आलो. सवय चांगलीच आहे, पण बाटली बदलली हे आपल्या लक्षात आले नाही. काच उकळता येते, ती औषध शोषत नाही आणि तिला वास राहत नाही. प्लॅस्टिकचे तसे नाही. त्यामुळे आईची रीत जशीच्या तशी इथे चालत नाही.

बाटली कशाची आहे ते आधी पाहा

बाटली उलटी करून बूड पाहा. बाणांचा छोटा त्रिकोण आणि त्यात एक आकडा असतो. औषधांच्या बाटल्यांवर बहुतेक वेळा तीनपैकी एक आकडा सापडतो.

१ म्हणजे पेट. सिरपच्या काचेसारख्या दिसणाऱ्या तपकिरी बाटल्या पुष्कळदा याच्या असतात. सोडा-पाण्याची बाटलीही याचीच. उकळते पाणी ओतले की ही बाटली आक्रसते आणि वाकडी होते.

२ म्हणजे जाड पॉलिथिलीन. गोळ्यांच्या अपारदर्शक पांढऱ्या बाटल्या सहसा याच्या. कपडे धुण्याच्या द्रवाची बाटलीही याच जातीची.

५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. बहुतेक झाकणे याची असतात. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांच्या घरी नारिंगी रंगाच्या गोळ्यांच्या डब्या दिसतात, त्याही याच्याच.

तपकिरी आणि नारिंगी रंग शोभेसाठी नसतो. काही औषधे उजेडाने खराब होतात, त्यांना तो रंग आडोसा देतो. पांढऱ्या बाटलीत जी छोटी पुडी किंवा नळकांडे असते, ते हवेतला दमटपणा शोषून घेते. त्यावर 'खाऊ नये' असे लिहिलेले असते, पण ज्याला वाचता येत नाही अशा लहान मुलाला त्याचा काय उपयोग? बाटली रिकामी झाली की ती पुडी लगेच कचऱ्यात टाका.

आधी खरोखर रिकामी करा

दवाखान्यात नर्स म्हणून तीस वर्षे काम केले. तेव्हा पुष्कळ लोक मला अभिमानाने सांगत, "सिस्टर, जुने औषध ठेवत नाही हं, लगेच संडासात ओतते." हेतू चांगला, पण रस्ता चुकीचा.

आपला देश सांडपाणी शुद्ध करून शेतीला देण्यात जगात पुढे आहे. इथल्या सांडपाण्याच्या पाच भागांपैकी चारांहून अधिक पाणी पुन्हा शेतीला जाते. तेल अवीव आणि आसपासच्या शहरांचे पाणी शफदान केंद्रात स्वच्छ होऊन नेगेवच्या शेतांपर्यंत पोहोचते. ही मोठी अभिमानाची गोष्ट आहे. पण शुद्ध करताना सगळीच औषधे पाण्यातून निघत नाहीत. २०१६ साली हिब्रू विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी माणसांना अशा पाण्यावर पिकवलेली भाजी खायला दिली आणि त्यांची लघवी तपासली. फिट येणाऱ्या रोग्यांना देतात त्या कार्बामाझेपिन औषधाचा अंश त्यात वाढलेला आढळला. प्रमाण अगदी थोडे होते, औषधाच्या डोसाच्या जवळपासही नव्हते, त्यामुळे काकडी-टोमॅटो खायचे सोडू नका. पण आपण संडासात ओतलेले औषध आपल्याच ताटात परत येऊ शकते, एवढे त्यातून समजते.

म्हणून बाटलीत गोळ्या किंवा सिरप उरले असेल, तर ती रिकामी करायच्या भानगडीत पडू नका. बाटलीसकट आपल्या कुपत होलीमच्या बेत मेरकाहतमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात, न्या. जुन्या औषधांसाठी तिथे वेगळी पेटी असते. दिसली नाही तर विचारा. अशी औषधे धोकादायक कचरा म्हणून वेगळी नष्ट केली जातात.

एखादे औषध अजून सीलबंद असेल आणि त्याची मुदत बाकी असेल, तर ते फेकण्याआधी फार्मासिस्टला विचारा. 'हावेरीम ला-रेफुआ' ही संस्था गरजू रुग्णांसाठी अशी औषधे गोळा करते. मात्र उघडलेली बाटली शेजारणीला देऊ नका. तुमच्या रक्तदाबाची गोळी तिच्या रक्तदाबासाठी दिलेली नसते.

मग धुवा

आता राहिल्या खरोखर रिकाम्या बाटल्या. आधी चिठ्ठी काढा. तिच्यावर तुमचे नाव, तेउदत झेहूतचा नंबर आणि कोणते औषध चालू आहे हे सगळे असते. कोमट पाण्यात साबण घालून बाटली अर्धा तास बुडवून ठेवा, मग चिठ्ठी सोलून निघते. गोंद राहिला तर थोडे तेल आणि खाण्याचा सोडा एकत्र करून चोळा. निघतच नसेल तर नाव आणि नंबर जाड काळ्या मार्करने पुसून टाका. आतून साबणाने दोनदा धुवा आणि झाकण वेगळे करून पूर्ण सुकू द्या.

काही बाटल्या धुऊनही पुन्हा वापरायच्या नाहीत. कॅन्सरची औषधे, मेथोट्रेक्सेट, हार्मोनच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि पेनिसिलिनच्या जातीची अँटिबायोटिक यांच्या बाटल्या सरळ परत द्या किंवा टाका. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला थोडासा अंशही त्रास देऊ शकतो, आणि डोळ्यांना स्वच्छ दिसणारी बाटली खरोखर स्वच्छ आहे की नाही हे घरी कळत नाही.

कुठल्या डब्यात टाकायची?

पहिली गोष्ट, या बाटल्यांवर पैसे परत मिळत नाहीत. पिकादोन, म्हणजे अनामत, फक्त पेयांच्या बाटल्या-डब्यांवर असते. डिसेंबर २०२१ पासून दीड लिटरच्या मोठ्या बाटल्यांवरही ३० अगोरोत परत मिळू लागले, तेव्हा आमच्या ओळखीचे एक गृहस्थ खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या घेऊन सुपरमार्केटच्या यंत्रासमोर उभे राहिले होते. यंत्राने सगळ्या परत त्यांच्या हातात दिल्या!

२०११ च्या पॅकेजिंग कायद्यानंतर पुष्कळ शहरांत नारिंगी डबे आले. त्यात शांपू, साबण, दही यांची रिकामी प्लॅस्टिक वेष्टने टाकतात. औषधाच्या बाटलीबद्दल मात्र आपल्या नगरपालिकेला विचारून घ्या. १०६ नंबरवर फोन केला की सांगतात. एका गावची रीत दुसऱ्या गावी लागू पडेलच असे नाही.

इथे एक अडचण लक्षात ठेवा. कचरा वेगळा करणाऱ्या कारखान्यात माल चाळणीवरून जातो आणि लहान वस्तू चाळणीतून खाली पडतात. थायरॉइडच्या गोळ्यांची इवलीशी बाटली नारिंगी डब्यात टाकली तरी शेवटी ती पुरली जाण्याचाच संभव जास्त. मोठी व्हिटॅमिनची बाटली पुढे जाते. झाकण बाटलीला घट्ट लावूनच टाका, सुटे झाकण हमखास हरवते.

खोका आणि आतला कागद कागदाच्या डब्यात टाका. पाने, म्हणजे गोळ्यांच्या स्ट्रिप, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटवून केलेली असतात. ती सहज वेगळी होत नाहीत, म्हणून त्यांना साधा कचऱ्याचा डबा.

फोनवर एक निरोप फिरत असतो, की रिकाम्या बाटल्या परदेशी गरिबांसाठी पाठवा. हे अगदीच खोटे नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात सिनसिनाटीजवळ एक मदत संस्था गोळ्यांच्या रिकाम्या डब्या गोळा करते. ज्या देशांत गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात तिकडे चांगल्या डब्या औषधांबरोबर जातात, बाकीच्यांचा पुनर्वापरासाठी चुरा होतो. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा. पण इथून पार्सल करून पाठवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता ती गोष्ट, जी मी सहसा सांगत नाही

मसाल्यासाठी बाटल्या का दिल्या नाहीत, ते आता सांगते.

मला जेवणानंतर बडीशेप आणि खडीसाखर लागते. ती मी अनेक वर्षे व्हिटॅमिनच्या रिकाम्या पांढऱ्या बाटलीत भरून पर्समध्ये ठेवत होते. आमचा धाकटा नातू तेव्हा तीन वर्षांचा होता. आला की पर्सकडे बोट दाखवून म्हणायचा, "सावता, सुकारिया!" मी बाटली हलवून खुळखुळ वाजवायची आणि खडीसाखरेचा एक खडा त्याच्या हातावर ठेवायची. दोघांनाही मोठा आनंद.

ह्यांच्या बोटांना संधिवात आहे. पानातून गोळी दाबून काढायला त्रास होतो, म्हणून ह्यांनी महिन्याभराच्या हृदयाच्या गोळ्या एकदम सोलून एका जुन्या बाटलीत भरल्या होत्या. अगदी तशाच पांढऱ्या बाटलीत. झाकण मुलांना उघडता येऊ नये असे, दाबून फिरवायचे होते, पण वर्षानुवर्षे वापरून सैल झाले होते.

शुक्रवारची दुपार होती. मी स्वयंपाकघरात होते, सून आंघोळीला गेली होती. आतल्या खोलीतून खुळखुळ आवाज आला. मला वाटले, पर्स सापडली वाटते. हसत हसत गेले, तर नातू जमिनीवर बसलेला, समोर पांढऱ्या गोळ्या सांडलेल्या आणि एक ओली गोळी हातात. तोंड वाकडे करून म्हणाला, "सावता, कडू."

मी हैफाच्या रांबाम इस्पितळातल्या विषबाधा माहिती केंद्राला फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे पाच गोष्टी विचारल्या. औषध कोणते? किती ताकदीचे? किती गोळ्या गेल्या? किती वेळ झाला? मुलाचे वजन किती? पहिल्या प्रश्नाचेच उत्तर मला देता येईना, कारण बाटलीवर भलतेच नाव होते. पाने तर कधीच कचऱ्यात गेलेली. हे धावत जाऊन डॉक्टरांची चिठ्ठी शोधून आले. आणि किती गोळ्या गेल्या? बाटलीत आधी किती होत्या हेच कोणाला माहीत नव्हते. पान असते तर रिकामी घरे मोजून दहा सेकंदांत सांगता आले असते. तीस वर्षे ज्या बाईने इतरांना औषधांची शिस्त शिकवली, ती फोनवर गप्प उभी होती.

त्या रात्री शब्बाथचे दिवे घरी लागले नाहीत. आम्ही इस्पितळात यंत्रावरचे त्याचे ठोके बघत बसलो होतो. देवाची कृपा, बहुधा त्याने गोळ्या चाखून थुंकल्या होत्या. ठोके मंदावले नाहीत. सकाळी उठून त्याने पाव खाल्ला आणि पुन्हा माझ्या पर्सकडे बोट दाखवले. तेव्हा मला रडू आवरले नाही. त्याची काही चूक नव्हती. पांढऱ्या बाटलीत गोड असते, हे मीच तर त्याला शिकवले होते.

झाकणावर किती भरवसा ठेवायचा?

दाबून फिरवायचे झाकण १९६७ च्या सुमारास कॅनडातल्या विंडसर गावचे बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री ब्रो यांच्या खटपटीतून आले. औषधे खाऊन आजारी पडलेली मुले रोज पाहून ते हैराण झाले होते. त्या झाकणाने असंख्य मुले वाचली. पण अमेरिकेतल्या नियमाची कसोटी ऐका. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांपैकी किमान ८५ टक्के मुलांना पहिल्या पाच मिनिटांत ते उघडता येऊ नये. मग मोठ्या माणसाने एकदा उघडून दाखवल्यावर पुढच्या पाच मिनिटांतही किमान ८० टक्के मुलांना ते जमू नये. म्हणजे नवे कोरे झाकणसुद्धा पाचातल्या एका मुलाला उघडले तरी कसोटीत पास. वापरून ते झिजते, म्हणूनच तिथे गोळ्या पुन्हा भरून देताना प्लॅस्टिकची बाटली आणि झाकण नवे द्यावे लागते. आपण मात्र दहा वर्षांचे झाकण "किती घट्ट आहे बघा" म्हणून जपतो.

काय भरावे, काय भरू नये

माझे नियम आता असे आहेत.

१. खाण्याची वस्तू नाही. मसाला नाही, बडीशेप नाही, खडीसाखर नाही, नातवंडांसाठी चॉकलेट तर मुळीच नाही.

२. दुसरे औषध नाही. पानातल्या गोळ्या पानातच ठेवाव्यात. थायरॉइडची गोळी दमटपणाने आणि उजेडाने खराब होते. जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी तर मूळ काचेच्या बाटलीतच हवी. प्लॅस्टिक ते औषध शोषून घेते आणि ऐन वेळी गोळी निकामी ठरते. बोटे दुखत असतील तर पानातून गोळी काढायचे छोटे साधन मिळते, किंवा आठवड्याच्या वारांचा डबा एका आठवड्यापुरता भरावा आणि उंच, कुलूपबंद कपाटात ठेवावा. पाने फेकू नयेत.

३. भारताच्या प्रवासात सगळ्या गोळ्या एका बाटलीत नाहीत. जागा वाचते खरी, पण मुंबईत रात्री दोन वाजता इस्पितळात न्यायची वेळ आली, तर पाच रंगांच्या गोळ्या पाहून तिथल्या डॉक्टरांना काय कळणार? मूळ वेष्टन आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी बरोबर ठेवा.

४. रसायने नाहीत. रॉकेल, ॲसिटोन, क्लोरीन, सुगंधी तेले औषधाच्या बाटलीत भरू नका. अंधारात माणूस तेच पिऊन टाकतो.

५. घरगुती वस्तू चालतील. बटणे, सेफ्टी पिना, स्क्रू, खिळे, कोथिंबीर-मेथीचे पेरायचे बी. पण चिठ्ठी पूर्ण काढून, मोठ्या अक्षरांत आत काय आहे ते लिहून, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. बटण आणि खिळाही गिळता येतो.

६. इन्सुलिनच्या सुया पातळ बाटलीत नाहीत. कपडे धुण्याच्या द्रवाची जाड बाटली घ्या, 'सुया' असे लिहा, पाऊण भरली की झाकण लावून पक्की चिकटवा आणि कुठे द्यायची ते आपल्या मिरपासातल्या नर्सला विचारा.

शेवटी

माझ्या २७ बाटल्यांपैकी ६ मध्ये काही ना काही उरले होते, त्या तशाच बेत मेरकाहतमध्ये गेल्या. ११ मोठ्या बाटल्या धुऊन, १०६ वर विचारून, नारिंगी डब्यात टाकल्या. ७ छोट्या साध्या कचऱ्यात गेल्या. मन थोडे खट्टू झाले, पण इलाज नव्हता. तीन ठेवल्या: एक बटणांना, एक सुई-पिनांना, एक मेथीच्या बियाण्याला. सासूबाईंच्या बाटलीवरची चिठ्ठी मी हळूच सोलून काढली आणि त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. बाटली टाकली.

मसाल्यासाठी आलेल्या बाईंना मी काचेच्या जॅमच्या तीन बरण्या दिल्या. आता राग गेला आहे. गेल्या आठवड्यात त्यातलाच मसाला घातलेली बटाट्याची भाजी आमच्याकडे आली होती.

हे फोनजवळ लिहून ठेवा: विषबाधा माहिती केंद्र, रांबाम, हैफा, २४ तास: ०४-७७७१९००. मूल बेशुद्ध असेल, श्वास घेत नसेल किंवा फिट आली असेल, तर आधी मागेन दाविद अदोम: १०१. उलटी करवू नका, दूध-मीठ-पाणी पाजू नका. गोळ्यांचे पान किंवा बाटली हातात घेऊन फोन करा.

आणि आज रात्री झोपण्यापूर्वी एकदा आपला औषधांचा खण उघडून पाहा. पेसाखची वाट पाहू नका.